दुर्पताची हजेरी

आधी रूपेशचा फायदा सांगते, मग भुताचं.

देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात नेटवर्क फक्त पहाडीवर येतं. चैतात सकाळी मोहफूल वेचायचं असतं आणि नेमका तेव्हाच कॉलेजचा ऑनलाइन तास. म्हणून आमची रीत ठरलेली. एकानं सगळ्यांचे फोन घेऊन वर बसायचं, सगळ्यांची हजेरी लावायची. बाकीच्यांनी खाली त्याच्या वाट्याचा मोह वेचायचा.

माझा चुलतभाऊ रूपेश रोज म्हणायचा, आज पाळी माझीच. न वाकता टोपली भरायची ना! एवढी अक्कल अभ्यासात लावली असती तर...

असो. सगळंच ऐकीव नाही सांगत. माझा फोन त्याच ढिगात होता.

त्या सकाळी इंद्रकुमार सरांना संशय आला. म्हणाले, आज प्रत्येकानं तोंडानं 'हजर' म्हणायचं. जो बोलणार नाही त्याचं नाव कापणार, परीक्षा विसरा.

रूपेशनं पोरांचे आवाज काढले. जाड, बारीक, सर्दी झालेला.

मग सरांनी खुशबूला हाक मारली.

खुशबू तर खाली माझ्याजवळ वेचत होती.

रूपेश सांगतो, त्याच्या डोक्यावरच्या झाडातून फुलं टप टप पडत होती.

ती पडायची थांबली...

पाखरं गप्प झाली...

आणि खुशबूच्या फोनमधून पोरीचा आवाज आला. "हजर, सर."

सर वैतागले. मागे गाईच्या घंट्या वाजताहेत म्हणाले, आणि म्यूट केलं.

पहाडीवर एकही गाय नव्हती.

माइकवर लाल रेघ आली. आवाज मात्र आता सगळ्याच फोनांतून आला...

"मागच्या सालीबी असंच बंद केलं होतं, सर. आता करून दाखवा."

रूपेशनं आवाज ओळखला. दुर्पता. लालसिंगकाकांची पोरगी, आमच्याच वर्गातली. गाई चारता चारता तास ऐकायची. घंट्यांचा त्रास होतो म्हणून सर तिला म्यूट करायचे. तिचं 'हजर' कधी पोचलंच नाही. नाव कापलं गेलं. सरांना फोन लावायला ती वादळात याच पहाडीवर चढली.

तिथंच तिच्यावर वीज पडली.

रूपेश धावत खाली आला. कसंबसं सगळं सांगितलं.

"फोन कायले सोडून आला?" खुशबू म्हणाली. टोपली त्याच्या हातात दिली आणि वर निघाली. मीही गेले.

वर घंट्या वाजतच होत्या.

खुशबूनं फोन उचलला. "सर, मी खुशबू. आता आली. मगाशी मी नव्हती, ती होती. पहिले तिची हजेरी लावा. मग माझं नाव कापायचं तर कापा."



मग सरांनी हळूच दुर्पताचं नाव घेतलं.

"हजर."

फोनमधून नाही. आमच्या पाठीमागून.

टप... टप... फुलं पुन्हा पडू लागली.

सरांनी कुणाचंच नाव कापलं नाही. आता ते बसनं गावात येऊन शिकवतात. शेवटी दुर्पताचंही नाव घेतात आणि उत्तर यायच्या आत खुर्ची सोडतात.

गाव म्हणतं, पहाडी सोडा. काऊन सोडायची? नेटवर्क तिथंच येतं, आणि ती आमच्या वर्गातली आहे. वर गेले की मी मात्र त्या झाडाकडे पाठ करत नाही.

हिशेब असा. खुशबूला परीक्षा मिळाली. रूपेशला ताप, आणि आता टोपली स्वतः भरावी लागते. सरांना बसचे धक्के. हजेरी आम्हा सगळ्यांची लागली.

किंमत एकट्या दुर्पतानं मोजली. तीही आमच्या आधी.