अहो, सोडा तिला

भूत रात्रीच येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये. हे सगळं दिवसाढवळ्या घडलंय. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, चार माणसांच्या देखत.

आणि हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ती बावीस वर्षं जळीत वॉर्डात ड्रेसिंग करत होती. तिथे तिला सगळे ताई म्हणायचे. थापा मारणाऱ्यातली बाई नाही ती. तिला थापा मारायला वेळच मिळायचा नाही.

बुधवार होता. सकाळचे अकरा. खाट नंबर चार.

खाटेवर होती कँटीनवाली. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती तळणीचं काम करायची. उकळत्या तेलाची कढई कलंडली ती थेट तिच्या अंगावर. छाती, पोट, डावा हात, सगळं भाजलं. पाठ तेवढी वाचली.

वय तिशीचं. सहा वर्षांची मुलगी. मुलीला आत यायला बंदी, म्हणून आजी तिला रोज दाराच्या काचेपर्यंत उचलून धरायची. मुलगी हात हलवायची आणि कँटीनवाली पडल्या पडल्या हसायची.

आता थोडं समजून घ्या. एवढं भाजल्यावर माणसाची स्वतःची त्वचा लगेच लावता येत नाही. आणि जखम उघडी ठेवली तर माणूस हातचं जातं. म्हणून त्वचापेढीतून त्वचा आणतात. कुणीतरी मेल्यानंतर दान केलेली. ती जखमेवर पांघरूण घालावं तशी घालायची. दोन-तीन आठवड्यांत ती सुटायला लागते, मग काढून टाकायची.

पाकिटावर नाव नसतं. फक्त नंबर असतो.

त्या बुधवारी कँटीनवालीचं ऑपरेशन होतं आणि पाकिटांवरचे नंबर मोठ्याने वाचायचं काम मावशीचं.

"एकसष्ट," तिने वाचलं.

डॉक्टरांनी मान हलवली.

"एकसष्ट..."

तिसरं पाकीट तिने उजेडात धरून पुन्हा पाहिलं. तोच नंबर.

आठ महिन्यांपूर्वी काका गेले होते. काका म्हणजे तिचे यजमान. हार्ट अटॅक आला आणि खेळ खल्लास. बाई रडत होती, पण बावीस वर्षांचं काम अंगात मुरलेलं. तिने त्याच तासाला त्वचादानाच्या फॉर्मवर सही केली. काकांच्या पाठीची आणि मांड्यांची त्वचा घेतली गेली. फॉर्मच्या कोपऱ्यात पेढीच्या माणसाने टाकलेला नंबर तिने बघायला नको होता. तिने बघितला.

एकसष्ट.

नियमाने तिने तिथेच बोलायला हवं होतं. ती गप्प बसली.

"चार दिवस का होईना, हाताखाली तरी राहतील असं वाटलं रे," ती मला म्हणाली होती.

पाचव्या दिवशी सुरुवात झाली.

मावशीने छातीवरची पट्टी सोडली. ग्लव्ह घातलेला हात त्वचेजवळ नेला...

त्वचेवर काटा आला.

बारीक बारीक. सरसरून. थंडीत येतो तसा.

तिने हात मागे घेतला. काटा बसला.

तिने हात पुन्हा जवळ नेला... काटा पुन्हा आला.

ती त्वचा आठ महिने ग्लिसरीनमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवलेली होती. तिच्यात जीव नव्हता. काटा यायला आत जे जे लागतं, त्यातलं काहीच उरलं नव्हतं. मावशीने दुसऱ्या नर्सला हात लावून बघायला सांगितलं.

काही नाही. त्वचा सपाट.

"ताई, घामाघूम झालात की हो," ती नर्स म्हणाली. "बसा बरं आधी. मी करते पुढचं."

त्याच दुपारी मावशीने नाकवाल्या आजींचं ड्रेसिंग केलं. आजींच्या नाकावर त्वचेचा कॅन्सर झाला होता. तो काढून, कपाळावरची त्वचा खाली वळवून त्यांना नवीन नाक केलं होतं. बाई भारी बोलकी.

"ताई, गंमत ऐका. माशी बसते नाकावर आणि मी खाजवते कपाळ!"

"असं होतं का?"

"डॉक्टर म्हणाले, आपण कुठे येऊन पडलोय ते त्या कातडीला कळायला वेळ लागतो. ती अजून स्वतःला कपाळच समजते. माझ्या कपाळी नाकच लिहिलं होतं म्हणायचं!"

सगळ्या खोलीत हशा पिकला. मावशीच्या हातातून कापूस खाली पडला.

सातव्या दिवशी मावशीचा हात कँटीनवालीच्या छातीवर होता. तेवढ्यात ती म्हणाली,

"ताई... पाठीवरून कोण हात फिरवतंय?"

कँटीनवाली पाठीवर निजलेली होती. तिच्या पाठीत आणि गादीत बोट शिरायलाही जागा नव्हती.

"कुणी नाही गं."

"फिरवतंय ना... गार हात आहे."

नवव्या दिवशी ड्रेसिंग संपलं होतं. औषधाच्या गुंगीने कँटीनवालीचा डोळा लागला होता. आता हात ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी मावशीने ठेवला. हे तिने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

कँटीनवालीचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"जरा वर..."

मावशीने हात वर सरकवला.

"हां... तिथेच."

काका रोज संध्याकाळी कामावरून आले की तिच्याकडे पाठ करून पलंगावर बसायचे. ती त्यांच्या पाठीला बाम चोळायची. सव्वीस वर्षं. आणि सव्वीस वर्षं रोज हेच बोलणं. जरा वर... हां, तिथेच. घराबाहेर हे कुणाला ठाऊक असणार? मलासुद्धा नव्हतं.

मावशी तिथे उभ्या उभ्या रडली. भीतीने नव्हे. तिला आनंद झाला होता.

इथेच तिचं चुकलं.

बाराव्या दिवसापर्यंत बाकीची त्वचा सुटत आली होती. छातीवरचा तळहाताएवढा तुकडा मात्र जागचा हलत नव्हता.

"काढून टाकूया का, ताई?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"छान धरलीय, सर. दोन दिवस राहू द्या."

डॉक्टरांचा तिच्यावर डोळे झाकून विश्वास. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

ती खोटं बोलली होती. तुकड्याच्या कडेने पिवळं पाणी येत होतं. तिने ते सकाळीच पाहिलं होतं आणि पुसून टाकलं होतं.

तेराव्या दिवशी ताप एकशे दोन.

चौदाव्या दिवशी एकशे चार. कँटीनवाली बरळायला लागली. तिची आई दारातच मावशीच्या पाया पडायला वाकली.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात सगळे. माझी लेक वाचवा हो."

मागे काचेशी मुलगी हात हलवत होती. आतून कुणी हसलं नाही.

आपण कुणाच्या जिवावर कुणाला धरून बसलोय, हे तिला तेव्हा लख्ख दिसलं. ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, तो तुकडा आत्ताच्या आत्ता काढा. मी खोटं बोलले. खाली पू आहे."

त्याच सकाळी साडेदहाला ऑपरेशन थिएटर. मोठे डॉक्टर, भूल देणाऱ्या बाई, दुसरी नर्स आणि मावशी.

डॉक्टरांनी चिमट्याने कड धरली आणि ओढली.

सुटेना.

त्यांनी जोर लावला. रक्त आलं. खालचं चांगलं मांस वर खेचलं जायला लागलं.

"असं कसं धरलंय हे?"

"ब्लडप्रेशर उतरतंय, सर," भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा ओढलं...

तुकड्यावर काटा उभा राहिला होता. या वेळी चौघांनी पाहिला.

"सर, प्रेशर! थांबा!"

मावशीने हात पुढे केला. तळवा त्या तुकड्यावर टेकवला. आणि हळूच म्हणाली,

"अहो... सोडा तिला."

मोठे डॉक्टर दचकले. त्यांना वाटलं, ती त्यांनाच म्हणतेय. त्यांनी चिमटा सोडला.

तिने नवऱ्याला जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती. कायम अहो.

आणि तुकडा सुटला.

ओला कागद निघावा तसा अलगद. तिच्या तळव्यात आला. खाली पू साचला होता. डॉक्टरांनी भराभर जखम साफ केली. प्रेशर चढायला लागलं.

काढलेली त्वचा पिवळ्या पिशवीत टाकतात. ती पिशवी इमारतीच्या मागच्या भट्टीत जाते. पिशवी बांधायचं काम दुसऱ्या नर्सला सांगता आलं असतं, पण मावशीने ते स्वतः केलं. तुकडा आत ठेवताना तिचं बोट लागलं...

काटा आला.

तिने गाठ मारली.

दुपारपर्यंत कँटीनवालीचा ताप उतरायला लागला होता. ती शुद्धीवर होती. आईशी दोन शब्द बोललीही. मावशी शेजारी सलाइन बघत होती.

चार वाजता कँटीनवाली किंचाळली.

"पाठ! आई गं... पाठ जळतेय माझी!"

मावशीने आणखी दोघी नर्सना घेऊन तिला कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ. एक ओरखडासुद्धा नाही.

"विझवा... कुणीतरी विझवा!"

दहा मिनिटं ती तशीच ओरडत होती. मग एकदम गप्प झाली.

मावशीने खिडकीतून मागे पाहिलं. भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

कँटीनवाली वाचली. पुढे तिला तिच्याच मांडीची त्वचा लावली आणि ती छान धरली. दोन महिन्यांनी मुलीचं बोट धरून ती घरी गेली. डॉक्टर म्हणतात, एवढ्या औषधांवर माणसाला काहीही भास होतात. असतील. पण थिएटरमधल्या त्या चौघांना कसली औषधं दिली होती, हे मी त्यांना विचारलं नाही.

मावशीने त्याच महिन्यात नोकरी सोडली. मी अधूनमधून तिच्याकडे जातो. ती चहा करते, इकडचं तिकडचं बोलते. त्या दिवसाबद्दल तिने नंतर एकदाच तोंड उघडलं.

"डॉक्टरांच्या चिमट्याला दाद दिली नाही रे त्यांनी. मी शब्द टाकला, लगेच सुटले. माझं ऐकून सुटले. आणि मी त्यांना कुठे धाडलं?"

तिच्या हातावर हात ठेवावा म्हणून मी पुढे सरकलो. तिने हात मागे घेतला.