न वाजलेला नियम

सकाळी चहाचा कप घेऊन चारुता सबनीस टपाल बघायला बसली, तर सगळ्यांत वर फ्रीजचं पत्र होतं. दाराचं रबर सैल झालं आहे, कृपया लक्ष द्यावं, अशी नम्र विनंती. त्याखाली पाण्याच्या मीटरचं. त्याखाली दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या चपलांचं. आपले तळ झिजत आल्याचं त्यांनी कळवलं होतं. मग इस्त्री, शेगडी, गॅलरीतल्या कुंड्या. कितीही खाली सरकवलं तरी तळ लागेना.

वस्तूंना ईमेल लिहिता यायला लागल्यापासून माणसांचे हे हाल होते. स्वस्तातल्या स्वस्त वस्तूतही नखाएवढी चकती बसवलेली असायची आणि ती उठल्यासुटल्या मालकाला पत्र धाडायची. माणसं तग धरून होती ती चाळणीच्या जिवावर. चाळणी म्हणजे आलेलं टपाल निवडून देणारी प्रणाली. तिला एकदा नियम घालून दिला की फ्रीजचं पत्र परस्पर कचऱ्यात, बँकेचं महिन्याच्या खणात आणि साहेबांचं थेट डोळ्यांसमोर. चारुताने सहा वर्षांत असे कितीतरी नियम घातले होते. एखाद्या पत्राने डोकं उठवलं की एक नियम. मग ते पत्रही विसरायचं आणि नियमही. विसरता यावं म्हणूनच तर नियम घालायचा.

या मंगळवारी चाळणीची नवी आवृत्ती आली आणि सगळे नियम गेले.

कंपनीचा निरोप गोड होता. नवी चाळणी तुमच्या सवयी अभ्यासून नियम आपोआप परत उभे करील, थोडा धीर धरा. चारुताने तीन दिवस धीर धरला. रत्नागिरीच्या मत्स्य संशोधन केंद्रात तिचं काम. किनाऱ्यावरच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि त्यांचे अहवाल पाठवायचे. त्या अहवालांची पत्रं चपलांच्या आणि इस्त्रीच्या गर्दीत शोधताना तिच्या नाकी नऊ आले. नव्या आवृत्तीतली एक गोष्ट मात्र तिला आवडली होती. पत्राला उत्तर द्यायला घेतलं की चाळणी तिच्याच भाषेत मजकूर तयार करून पुढे ठेवायची, अगदी शेवटच्या ‘तुमची चारू’पर्यंत. नुसतं बोट टेकवायचं. बुधवारी बाबांच्या पत्राला तिने तसंच उत्तर पाठवलं होतं. ‘पत्र मिळालं बाबा. रविवारी सविस्तर लिहिते.’

बाबा सेलूला एकटे राहत. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी झाली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे फोन कामाचा नव्हता. म्हणून चारुताने त्यांना एक लेखनिक आणून दिला होता. टेबलावर ठेवायचा डबा, त्याला एक पडदा. बाबा बोलतील ते तो लिहून पाठवायचा आणि चारुता बोलेल ते पडद्यावर ठळक अक्षरांत उमटवायचा. घरात दुसरं कुठलंही यंत्र बसवायला त्यांनी साफ नकार दिला होता. चोवीस तास कोणी आपली नाडी धरून बसलेलं त्यांना नको होतं. रोज सकाळी ते एक पत्र सांगत. नळाला पाणी आलं का, भाजी काय केली, कोण भेटलं. ती पत्रं चाळणी रविवारच्या खणात ठेवी आणि रविवारी चारुता सगळी एकदम वाची.

पण एक नियम वेगळा होता, आणि तो तिला पक्का आठवत होता. आई गेल्यानंतरच्या दिवाळीत तो दोघांनी मिळून घातला होता.

"मला दुखणं लिहिता येत नाही," बाबा तेव्हा म्हणाले होते. "जन्मभर लोकांना काही नाही, बरं होईल असंच सांगत आलो. स्वतःचं लिहायला बसलं तरी तेच तोंडातून निघतं. तर आपण असं करू. पूर्वी वाईट बातमीच्या कार्डावर श्री घालत नसत. कार्ड हातात पडलं की माणूस आधी माथा बघायचा. माझ्या पत्रावर श्री नसलं, तर पुढं मजकूर काही का असेना, तू निघून ये."

"काहीतरीच काय बोलता बाबा," ती म्हणाली होती. पण नियम तिने घातला. बाबांच्या पत्राच्या माथ्यावर श्री नसेल तर, ती मीटिंगमध्ये असो की झोपेत, मोठ्याने घंटा वाजावी. ती घंटा कधीच वाजली नव्हती. बाबा डब्यासमोर बसले की आधी खणखणीत ‘श्री’ म्हणत आणि मगच पुढे बोलत.

नियम गेल्यापासून चारुता ते काम डोळ्यांनी करत होती. रोज सकाळी गर्दीतून बाबांचं पत्र शोधायचं, माथा बघायचा. बुधवारी श्री होतं. गुरुवारी होतं. आज शुक्रवारीही होतं. तिला हायसं वाटलं, पण रोज असं शोधत बसणं खरं नव्हे. तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला.

बऱ्याच वेळाने तन्वीर नावाचा एक मुलगा बोलायला आला. आवाजावरून बिचारा चार दिवस शिव्या खात असावा.

"मॅडम, तुमचे बहुतेक नियम परत आलेत," तो म्हणाला. "यादी समोर दिसतेय ना? एकदा बघा आणि होकार द्या."

यादी अचूक होती. फ्रीज, चपला, बँक, साहेब, सगळे आपापल्या जागी. बाबांची पत्रं रविवारच्या खणात, हेही होतं.

"यात एक नाही," चारुता म्हणाली आणि तिने घंटेचा नियम सांगितला.

"ही घंटा कधी वाजली होती का?"

"नाही. एकदाही नाही."

"मग ती सापडणार नाही मॅडम. जुने नियम नव्या प्रणालीला वाचताच आले नाहीत आणि जुनी साठवण पुसून टाकली. आता जे परत येतंय ते तुमच्या वागण्यावरून. तुम्ही काय उघडलं, काय टाकलं, त्याच्या खुणा राहतात. जो नियम कधी लागलाच नाही, त्याची खूण कुठून मिळणार?"

चारुताला ते पटलं आणि पटल्याचा रागही आला. सहा वर्षांतला सगळ्यांत महत्त्वाचा नियम तेवढा हरवावा, आणि चपलांचा जसाच्या तसा परत यावा!

"ठीक आहे, नवा घालून द्या," ती म्हणाली. "तोवर मी बघतेच आहे. तीनही दिवस श्री आहे, म्हणजे काळजीचं काही नाही."

तन्वीरने नियम लिहून घेता घेता विचारलं, "मॅडम, बाबांचा लेखनिक आमच्याच कंपनीचा आहे का?"

"हो. का?"

"मग त्यालाही मंगळवारी नवी आवृत्ती मिळाली असणार. तिच्यात सवयपूर्ती म्हणून सोय आहे. माणूस नेहमी जे म्हणतो ते एखाद्या दिवशी राहून गेलं, तर डबा स्वतःच भरतो. म्हाताऱ्या माणसांना फार आवडलीय."

चारुताने कप खाली ठेवला.

"म्हणजे त्यांनी श्री म्हटलं नसलं तरी..."

"तरी पडेल. वर्षानुवर्षं रोज म्हणत होते ना."

"कोणत्या दिवशी त्यांनी म्हटलं आणि कोणत्या दिवशी डब्याने घातलं, हे कळेल?"

"नाही मॅडम. डबा तशी नोंद ठेवत नाही." आणि मग अगदी हळू, "सॉरी. असं कोणी वापरत असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

तिने फोन ठेवला आणि बुधवारचं पत्र उघडलं. रविवारसाठी ठेवलेलं, माथ्यापलीकडे न वाचलेलं.

‘श्री. चि. चारूस आशीर्वाद. काल नळाला पाणी आलं नाही. मेथी आणली होती, निवडायचा कंटाळा आला म्हणून तशीच ठेवली. बाकी विशेष काही नाही. कामात असशील. बाबा.’

तिने पुन्हा वाचलं. बाबांनी मेथी निवडायचा कंटाळा केल्याचं तिला कधी आठवत नव्हतं. गुरुवारचं पत्र याहून लहान होतं. आजच्या पत्रात तर पाणी नाही, भाजी नाही, नुसतं खुशाल आहे.

सेलूचा डबा तिने पुन्हा पुन्हा वाजवला. पडदा उजळत असेल, पण समोर कोणी येईना. शेवटी तिने शेजारच्या गिराम मास्तरांना फोन केला. इथून निघायचं तर उद्यापर्यंत काही पोचणं नव्हतं, आणि तोवर हातावर हात ठेवून बसण्याखेरीज तिच्याजवळ दुसरं काय होतं?

मास्तर लगबगीने गेले. थोड्या वेळाने डब्यातून त्यांचा आवाज आला. "ताई, काकाला खुर्चीत बसवलंय. पडून होते. चेहरा लई उतरलाय, घाम पण येऊ लालाय. मी ऑटो घेऊन येतो, दवाखान्यात नेऊ. तवर तुम्ही बोला."

मग बाबांचा श्वास ऐकू आला. एकेक शब्दाला दम लागत होता.

"चारू, तू कशाला एवढं... विशेष काही नाही गं. पित्त आहे. सोडा घेतलाय."

"बाबा, कधीपासून?"

तिचे शब्द तिकडे पडद्यावर उमटायचे, बाबा ते वाचायचे आणि मग बोलायचे. मधली शांतता तिला सोसवत नव्हती.

"झाले तीन-चार दिवस. तुला कळवलं होतं की. तुझं उत्तरही आलं. पत्र मिळालं म्हणून."

त्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर चारुताला बरं वाटलं असतं.

"बाबा, बुधवारी पत्र सांगताना तुम्ही आधी श्री म्हणाला होतात का?"

शांतता लांबली. ते वाचत होते, की वाचून झालं होतं?

"तुला पत्र मिळालं तेव्हा वर होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मग असेल," बाबा म्हणाले.

तिकडे ऑटोचा आवाज झाला. मास्तर आत आले, चला काका म्हणाले, खुर्ची सरकली. चारुता घाईघाईने बोलत सुटली. "बाबा, श्री तुम्ही घातलं नव्हतं, डब्याने घातलं. मला कळलंच नाही बाबा. कळलं असतं तर मी बुधवारीच निघाले असते."

दार ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

सेलूच्या त्या रिकाम्या खोलीत, टेबलावरच्या पडद्यावर, तिचं वाक्य आता ठळक अक्षरांत उमटलं असेल. चारुताने पिशवीत दोन कपडे कोंबले, चप्पल पायात घातली आणि दाराला कुलूप लावता लावता तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ते वाक्य वाचायला बाबा परत त्या खुर्चीत येऊन बसतील ना?