रेवडीची वाघूर

केतकी गुंजाळच्या घरात रोज संध्याकाळी एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. शेजारची मुलं खेळायला यायची, दिवाणखान्यात पकडापकडी सुरू व्हायची, आणि अर्ध्या तासानं पाहावं तर सगळीच्या सगळी मुलं झोपाळ्याच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी. खेळ कुठूनही सुरू होवो, शेवट तिथंच. एकदा तर मुलांबरोबर फरशी पुसायचं गोल यंत्रही त्या कोपऱ्यात सापडलं. ते बिचारं भिंतीला धडका देत ‘माफ करा, माफ करा’ म्हणत होतं.

हे सगळं रेवडी घरात आल्यापासून सुरू झालं होतं. रेवडी म्हणजे तीन महिन्यांची कुत्री. अंग काळं, छाती पांढरी, आणि नाकावर तिळासारखे ठिपके, म्हणून नाव रेवडी. तिची आई परदेशी जातीची, मेंढ्या वळण्यात (हाकून एकत्र आणण्यात) पटाईत. वडील आबा बंडगर नावाच्या मेंढपाळाच्या तळावरचा गावठी कुत्रा. अशा दोन जातींच्या संततीला संकर म्हणतात. आबांनी चार पिल्लांतलं हे एक केतकीच्या आजोबांना दिलं आणि आजोबांनी ते फलटणच्या कालव्याकाठी राहणाऱ्या आपल्या लेकीच्या घरी आणलं. सोबत रेवडीची आई झोपायची त्या घोंगडीचा एक तुकडाही आणला. आईचा वास नाकाशी असला की नव्या घरात पिल्लाला झोप लागते, असं आबांचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं.

रेवडीचं स्वागत रीतसर झालं. केतकीच्या आईनं उंबरठ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि दृष्ट लागू नये म्हणून दूर अंगणात फेकला. रेवडी धावत गेली आणि तो तुकडा खाऊन परत आली. आपलीच दृष्ट खाणारा प्राणी या घरात प्रथमच येत होता.

पण अकराव्या दिवशी त्या घरात कोणी हसत नव्हतं. त्याचं कारण होता रेवडीच्या गळ्यातला भावपट्टा (नाडीचे ठोके, मानेची ठेवण आणि नजर यांवरून जनावराच्या मनात काय चाललं आहे ते सांगणारं यंत्र). २०५८ साली पाळीव कुत्र्याला असा पट्टा घालावाच लागे. त्यावर ‘भूक’, ‘झोप’, ‘खेळ’, ‘भीती’ असे शब्द उमटत. रेवडीच्या पट्ट्यावर मात्र दोनदा ‘शिकार’ असा शब्द उमटला होता, आणि दोन्ही वेळा समोर केतकीचा चार वर्षांचा भाऊ निहार होता. दुसऱ्या वेळी तर त्याच्या टाचेवर दाताचा ओरखडाही आला.

वसाहतीचा नियम साधा होता. नव्या कुत्र्याला रुळायला पंधरा दिवस मिळत. लहान मूल असलेल्या घरात तेवढ्या काळात ‘शिकार’ची तिसरी नोंद झाली, की कुत्रं आलं तिथं परत पाठवायचं. नोंद करण्याचं काम घरातला यंत्रमानव सदू याच्याकडे होतं. सदू भांडी घासायचा, निहारला गोष्टी सांगायचा आणि नियम म्हणजे नियम असं मानायचा. केतकीनं त्याला दोनदा विनवून पाहिलं. दगडाला पाझर फुटेल, पण सदूला नाही.

आईचंही चुकत नव्हतं. आई कालव्याचं पाणी कुठल्या शेताला किती सोडायचं ते घरूनच पाहायची. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर महिनाभर दूर होते, त्यामुळे घर, पाणी आणि निहार अशा तिन्ही आघाड्यांवर ती एकटी उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. तिला बसलेलं कोणी फारसं पाहिलंच नव्हतं. मला पिल्लाचा राग नाही, पण माझं पोर लहान आहे, एवढंच तिनं केतकीला सांगितलं. केतकीला ते कळत होतं, म्हणून तर तिला जास्तच रडू येत होतं.

त्या दुपारी आजोबा आले. त्यांना सगळे नाना म्हणत. मेंढ्यांच्या पैदाशीचा अभ्यास करण्यात त्यांनी पस्तीस वर्षं घालवली होती. नाना आपली बाजू घेतील अशी केतकीची खात्री होती, पण त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी चहा घेतला, निहारची टाच चष्मा लावून पाहिली आणि सदूला त्या दोन्ही प्रसंगांचं चित्रण भिंतीवर दाखवायला सांगितलं, तेही अगदी सावकाश.

चित्रात निहार धावत होता. रेवडीनं आधी त्याच्यावर नजर रोखली. मग मान खाली घालून, एकेक पाऊल मोजून टाकत ती दबकत पुढे सरकली. मग एकदम धावली, पण त्याच्या मागे नाही, तर वळसा घालून बाजूनं.

नाना सांगू लागले. लांडगा शिकार करतो तेव्हा तो ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग करणं, पकडणं, मारणं. कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला, त्यामुळे या पायऱ्या त्याच्याही रक्तात आहेत. हजारो वर्षांपूर्वी मेंढपाळांच्या लक्षात आलं, की काही कुत्री पहिल्या तीन पायऱ्या झकास करतात, पण पुढे जात नाहीत. मेंढपाळाला नेमकं तेच हवं होतं. मेंढ्या भ्याव्यात, एकत्र याव्यात, पण मरू नयेत. मग त्यांनी अशाच कुत्र्यांची पिल्लं वाढवली आणि त्या पिल्लांतूनही पुन्हा तशीच निवडली. याला निवड-पैदास म्हणतात (हवा तो गुण असलेल्या जनावरांचीच वीण पुढे वाढवणं). पिढ्यामागून पिढ्या असं करत गेलं, की शेवटच्या दोन पायऱ्या जवळजवळ पुसल्या जातात.

केतकीनं विचारलं, की मग रेवडीत त्या पुसल्या गेल्या आहेत की नाहीत. नानांनी लगेच हो म्हटलं नाही.

“खाण तशी माती म्हणतात, पण हिच्या खाणी दोन आहेत,” ते म्हणाले. त्यांनी पत्त्यांचे दोन जोड मागवले, एक लाल पाठीचा, एक निळ्या पाठीचा. लाल जोड आईचा, निळा वडिलांचा. प्रत्येक पत्ता म्हणजे एक जनुक (शरीर आणि स्वभाव कसा घडवायचा याची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बारीकशी सूचना). नानांनी दोन्ही जोड पिसले, प्रत्येकातले अर्धे पत्ते न पाहता काढले आणि एकत्र केले. हे झालं एक पिल्लू. पत्ते परत ठेवून त्यांनी पुन्हा पिसले आणि पुन्हा काढले. हे दुसरं पिल्लू. दोन्ही डाव सारखे नव्हते. आबांच्या तळावरची रेवडीची तीन भावंडंही अशीच निराळी होती. एक दिवसभर मेंढ्यांतच झोपायचं, एकाला मेंढी पाहिली की कापरं भरायचं, आणि तिसरं फक्त कावळ्यांवर भुंकायचं. रेवडीच्या हातात कुठले पत्ते आले आहेत, हे तिच्या वागण्यावरूनच थोडंफार ओळखता येणार होतं. आणि भावपट्ट्याची अडचण ही होती, की त्याला शिकवताना शहरी घरांतली शुद्ध जातीची कुत्री आणि लांडगे दाखवलेले. त्यानं रेवडीसारखं कोणी पाहिलंच नव्हतं. पहिल्या तीन पायऱ्या दिसल्या, की तो पुढच्या दोन स्वतःच धरून चालायचा.

“पण टाचेचं काय?” आईनं विचारलं.

नाना म्हणाले, की ते नक्की सांगता येणार नाही. दुधाच्या दातांची शिवशिव असेल, किंवा धावणाऱ्याला वळवायची उरलीसुरली सवय असेल. माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं.

केतकी मात्र भिंतीकडे पाहतच राहिली होती. तिनं सदूला चित्रण पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी आवाजासकट. दोन्ही प्रसंगांत, रेवडी निहारकडे निघाली की आईचा आवाज येत होता, “निहार, पळ! झोपाळ्यावर चढ!” निहार किंचाळत झोपाळ्याकडे पळत होता, आणि त्याच्या मागोमाग उरलेली पोरंही.

पिल्लू आल्या दिवसापासून आईनंच मुलांना हा नियम घालून दिला होता. झोपाळा उंच, म्हणून सुरक्षित.

नाना हसले. मेंढपाळ रात्री मेंढ्यांभोवती जाळी उभी करतो, तिला वाघूर म्हणतात. कळप वाघुरीत गेला की कुत्र्याचं काम संपतं. सगळे जण पळत पळत त्याच कोपऱ्यात जातात हे रेवडीनं दोन दिवसांत हेरलं होतं. तिच्या लेखी तो कोपरा म्हणजे या घरातली वाघूर होती, आणि ती इमानेइतबारे सगळ्यांना तिथं पोचवत होती, फरशी पुसायच्या यंत्रासकट.

“हे आपलं गृहीतक आहे (तपासून पाहायचा अंदाज),” नाना म्हणाले. “आवडलं म्हणून खरं मानायचं नाही. केतकी, तपासणार कसं?”

केतकीनं बराच वेळ विचार केला. मग ती हळूहळू बोलू लागली. रेवडी शिकार करत असेल, तर निहार थांबला की तिचं फावेल, ती त्याला पकडेल. पण वळत असेल, तर तो थांबला की तिचं काम झालं. तीही थांबेल. म्हणजे निहारनं पळायचं आणि मधेच स्टॅच्यू व्हायचं.

सदूनं आठवण करून दिली, की पट्ट्यावर ‘शिकार’ हा शब्द दहा सेकंद टिकला, तर त्याची नोंद होईल, आणि ती तिसरी असेल. प्रयोग केलाच नाही, तर रेवडी आणखी चार दिवस तरी नक्की आपली होती. पण ते चार दिवस सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढायचे. तिनं आईकडे पाहिलं. रेवडीच्या पट्ट्याला लांब दोरी बांधून ती नानांच्या हातात राहील आणि निहार थांबेल तिथं आपण स्वतः शेजारी उभं राहू, या दोन अटींवर आई तयार झाली.

खरी काळजी निहारची होती. जेवतानासुद्धा दोन घासांत तीनदा उठणारं पोर ते.

निहार धावला. रेवडीनं नजर रोखली, दबकली, वळसा घालून सुटली. पट्ट्यावर ‘शिकार’ उमटलं.

“स्टॅच्यू!” केतकी म्हणाली.

निहार एका पायावरच थांबला. सदू मोजू लागला. एक. दोन. रेवडी त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थबकली. तीन. आईचा हात निहारच्या खांद्याजवळ आला आणि तिथंच थांबला. चार. निहार डुगडुगायला लागला. पाच. त्यानं दुसरा पाय हळूच खाली टेकवला आणि रेवडीचे कान ताठ झाले. सहा. रेवडीनं पुढचे पंजे पसरले आणि ती पोटावर खाली बसली. जीभ बाहेर, नजर निहारवर. सात.

पट्ट्यावरचा शब्द पुसला गेला. त्या जागी कुठलाच शब्द आला नाही.

“या अवस्थेला माझ्याकडे शब्द नाही,” सदू म्हणाला.

“वळते, असं लिही,” केतकी म्हणाली.

सदूनं लिहिलं. एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, म्हणून नानांनी तो प्रयोग पुढचे तीन दिवस रोज पाच वेळा करायला लावला. पंधरापैकी चौदा वेळा रेवडी बसली. एकदा ती निहारचा मोजा घेऊन पळाली. केतकीनं तेही प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. सदूनं सगळं चित्रण पट्टा बनवणाऱ्यांना पाठवलं, म्हणजे रेवडीसारखं दुसरं पिल्लू कुठल्या घरात गेलं, तर तिथल्या पट्ट्याला हा शब्द आधीच ठाऊक असेल. ‘पळ’ हा शब्द घरातून हद्दपार झाला. रेवडीला कामही नेमून दिलं, अंगणातले चार मोठे चेंडू रोज झोपाळ्यापाशी आणायचे. वर्षभरानं तिला आबांच्या तळावर न्यायचं, खऱ्या मेंढ्या दाखवायच्या आणि तिच्या भावंडांचीही वही करायची, असं केतकीनं ठरवून टाकलं.

तिसरी नोंद झालीच नाही. पंधराव्या संध्याकाळी एकच कोडं उरलं होतं. मुलं, नाना, चेंडू, सगळे झोपाळ्यापाशी जमले, तरी रेवडी स्वस्थ बसत नव्हती. दाराकडे जायची, परत यायची. शेवटी ती आईच्या खोलीत गेली आणि जरा वेळानं आई दारात दिसली. मागे रेवडी, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आई पाणी सोडायचं बाकी आहे म्हणत होती, पण एकेक पाऊल झोपाळ्याकडेच येत होती. शेवटी ती निहारशेजारी झोपाळ्यावर बसली.

रेवडीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग आईच्या पायांवर डोकं ठेवून ती झोपली. आई उठली नाही. कालव्याचं पाणी तेवढं आज तू बघ, असं तिनं सदूला सांगितलं.