उंच लावलेली कडी

एका दाराची कडी काढायची, एवढंच काम होतं. चहाच्या वेळेला परत येतो, असं बायकोला सांगून सुतारकाका भर दुपारी निघाले.

त्या घरासमोर पोचल्यावर मात्र ते थबकले. वीस वर्षांपूर्वी ती कडी त्यांनीच लावली होती. आतल्या खोलीच्या दाराला, बाहेरून, आणि तीही पार वर. पोरीचा हात पोचायला नको, असं घरमालक म्हणाला होता. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा ओठ सुजलेला होता. काकांनी तो पाहिला आणि मुकाट्याने स्क्रू पिळले. आपण बरं, आपलं काम बरं. महिन्याभरातच त्या माणसाने बायकोला अर्धमेली होईस्तोवर मारलं, खोलीत कोंडलं आणि तो निघून गेला. ती दोन दिवसांनी मेली.

आज दार उघडलं ते त्या पोरीनेच. आता ती काकांपेक्षा वीतभर उंच होती.

"तूच का नाही काढलीस?" त्यांनी उगाच विचारलं.

"हात पोचत नाही, काका. आई आतून सांगत होती, स्टूल घे बाळा... त्यावर डबा ठेव... अजूनही नाही पोचत."

काकांनी कडी काढून पिशवीत टाकली आणि दाराची आतली बाजू बघायला ते खोलीत शिरले. तिथे लाकडावर नखांचे ओरखडे होते, खालपर्यंत. तेवढ्यात मागे दार लागलं आणि बाहेर, वर, कडी सरकली. काकांनी पिशवीत हात घातला. कडी हाताला लागली. तरी दार तसूभर हलेना. त्यांनी दारावर थापा मारल्या.

"चुकलं माझं," ते दाराला म्हणाले. "मला दिसत होतं सगळं..."

दार आपसूक उघडलं. पोरगी पार पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होती.

"आईने सोडलं तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

वाटेत काकांनी ती कडी नाल्यात फेकली. घरी आले तेव्हा चहा उतू गेला होता आणि बायको कुठे दिसत नव्हती.

"अहो," न्हाणीघरातून तिचा आवाज आला, "बाहेरून कडी का लावलीत?"

त्या दाराला बाहेरून कडी कधी नव्हतीच. काकांनी वर पाहिलं. होती, चौकटीला अगदी लागून. त्यांनी हात उंच केला, टाचा उचलल्या. हात पोचेना.

मग बायको आतून दाराजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"स्टूल घे बाळा... त्यावर डबा ठेव..."