सातवा बिल्ला

जुलैच्या सुट्टीचं घर फेब्रुवारीतच ठरवावं लागतं. उशीर केला की समुद्रालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यापासून सात गल्ल्या लांबचं, डासांनी भरलेलं काहीतरी पदरात पडतं. म्हणून दर फेब्रुवारीत माझा भाऊ कार्माइन फिलाडेल्फियातल्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो आणि आम्ही न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या त्याच गावाची, त्याच घराची आखणी करतो. यंदा यादीत सहा जण होते. मी, माझा नवरा व्हिन्स, आमच्या दोन मुली, कार्माइन आणि त्याची बायको. आई नव्हती.

"तिला काय सांगायचं?" कार्माइननं विचारलं.

"घर विकलं गेलं म्हणून सांगू."

आई सप्टेंबरपासून वृद्धाश्रमात आहे, तिला आज वार कुठला ते कळत नाही, सुट्टी काय कळणार, असं वर मीच म्हणाले.

तिला न नेण्याचं खरं कारण व्हिन्सलाही माहीत नव्हतं. तिथं वाळूत उतरायचं तर अंगावर त्या वर्षीचा बिल्ला टाचलेला लागतो. रंग दर वर्षी वेगळा. आईचा नियम होता, जितकी डोकी तितके बिल्ले. गेल्या वर्षी मी सहाच मागवले. ती नुसती ओसरीवर बसणार, तिला कशाला?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच उठून वाळूत आली. अंगात झोपायचा झगा, तोही कमरेपर्यंत भिजलेला, आणि हातानं छाती चाचपत बिल्ला शोधतेय. बिल्ले तपासणारी पोरगी तिला दंडाला धरून आमच्या छत्रीपाशी घेऊन आली. आमची माणसं पाण्यात होती. बाकीचा सगळा किनारा बघत होता.

"या आजी तुमच्या का?"

"आमची नाही," मी म्हणाले. "कुणाची तरी चुकलेली दिसते."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं त्या पोरीबरोबर गेली. जनाची लाज मला होती, मनाची नव्हती. तासाभरानं मी तिला किनाऱ्यावरच्या चौकीवरून आणलं. शोधून आणलं, असं घरी सांगितलं. व्हिन्सनं माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

मार्चमध्ये घरमालकीण मिसेस गुंथर यांचा फोन आला. आईंसाठी खालची खोली तयार ठेवते, म्हणाल्या. आई येणार नाही, असं मी सांगितलं.

"अगं, पण कालच बोलल्या की माझ्याशी. माणसं सात, म्हणाल्या. मागे लाटांचा आवाज होता, मला वाटलं तुम्ही इथंच आलात."

मी आश्रमात चौकशी केली. आईच्या खोलीत फोन नाही. महिनाभरात ती दाराबाहेर पडलेली नाही. समुद्र तिथून साठ मैलांवर आहे.

एप्रिलमध्ये टपालानं बिल्ले आले. मागवले होते सहा. निघाले सात, हिरवे. मी तीनदा मोजले. सातवा पाकिटात घालून, ते चिकटवून खणात टाकला.

त्या रविवारी दुपारी आईकडे गेले. सगळं कबूल करायचं, तिची माफी मागायची, एवढंच ठरवून निघाले होते. गाडीत मोठ्यानं बोलून सरावही केला.

आई खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. स्वेटरवर हिरवा बिल्ला नीट टाचलेला.

नवीन परिचारिका मला हाताला धरून तिच्यासमोर घेऊन गेली.

"फिलोमेनाबाई, बघा कोण आलंय. ही तुमची का?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कोणी बघतंय का, ते पाहिलं.

"आमची नाही," ती म्हणाली. "कुणाची तरी चुकलेली दिसते."

"आई, मी लोरेटा."

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

परिचारिका हळूच म्हणाली, मनावर घेऊ नका, होतं असं. मी मान हलवली. माझा हात छातीवर काहीतरी चाचपत होता.

"बाई," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही एवढ्या भिजलात कुठे?"

बाहेर लख्ख ऊन होतं. माझा स्कर्ट कमरेपर्यंत ओला होता.