शुकमुनींची अंघोळ

"पोपट एवढासा असतो?" वेंकटनं पिंजऱ्याला नाक लावलं.

"पिल्लू असेल. चोच लाल आहे ना?" रंजनी म्हणाली.

त्यांची चुलतबहीण सहाना पक्ष्याकडे नुसती बघत होती. वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये नवरात्राची कोलू, बाहुल्यांची पायऱ्यापायऱ्यांची आरास, मांडली होती आणि बाहुल्यांच्या खालच्या पायरीवर हा पिंजरा होता. संध्याकाळी आजोबांचं, बालाजीरावांचं, शुकमुनींवर कीर्तन. पोपटाच्या मुखाचे मुनी, म्हणून त्यांनी बाजारातून हिरवा, लाल चोचीचा पक्षी आणला होता. मागे धृपद धरायला दरवर्षी आजी असे. यंदा सहानानं धरायचं होतं. पण आजी गेल्यापासून तिला ना रडू येई, ना गाणं. आत नुसता ओला कापूस.

पक्षीही तसाच. पिसं फुगवून बसलेला. दाण्याला शिवला नव्हता.

"हा उद्याचा दिवस बघायचा नाही," सहाना म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

तिनं पिंजऱ्यात पसरट ताटलीत पाणी ठेवलं. पक्षी उतरला, पंख फडफडवून न्हायला. पाणी हिरवं झालं! खालून निघाला तपकिरी पंख, त्यावर कोलमच्या रांगोळीसारखे पांढरे ठिपके आणि शेपटीच्या मुळाशी कुंकवाचा लाल.

रंजनीनं फोनवर चित्रं जुळवली. "लाल मुनिया. मादी. गवताळ माळावरची. हिला धरायलाच बंदी आहे."

"अय्यो, आजोबांना सांगणार कोण? कीर्तनाआधी त्यांना अडवणं म्हणजे मारुतीची शेपटी ओढणं," वेंकट कुजबुजला.

सहानानं ते पाणी पंचपात्रात ओतलं आणि आत गेली. गंध लावता लावता आजोबांनी सवयीनं तळहात पुढे केला. तिनं पळीभर घातलं. हात ओठांशी जाताच तिनं मनगट धरलं.

"पिऊ नका. तीर्थ नाही. शुकमुनींच्या अंघोळीचं आहे."

आजोबा हिरव्या तळव्याकडे बघत राहिले.

"तुम्ही हिरवा मागितलात, दुकानदारानं रंगवून दिला," दाराआडून वेंकट म्हणाला.

आजोबांनी स्वतःच वनखात्याला फोन केला, दुकानाचा पत्ताही दिला. खात्याच्या बाई टोपली घेऊन आल्या. "रंग पुरता उतरला की पाणथळीकडच्या गवतात सोडू," म्हणाल्या. टोपलीतून मुनिया एकदाच बोलली. सुईएवढा, बारीक स्वर.

संध्याकाळी रिकामा पिंजरा पुढे ठेवून आजोबा म्हणाले, "मंडळी, मुनी आणायला गेलो, मुनिया घेऊन आलो. मोठ्यांना दिसलं नाही ते या पोरांनी पाहिलं. देवाचा जीव वाचवला." टाळ्या पडल्या. सहानाला त्या दूर कुठेतरी वाजल्यासारख्या वाटल्या.

मग धृपद आलं. आजोबा थांबले. तिच्या घशातून सूर निघाला. सुईएवढा, बारीक.

आजोबांनी चिपळ्या हळू केल्या.