रेकॉर्डिंगमधला तिसरा आवाज

"मॅडम, ह्याच्यात आमचे बाबा बोलायलेत!"

राजेश्रीनं फोन टेबलावर ठेवला. पोखर्णीहून ती थेट परभणीला, विद्यापीठाच्या वाचा-संवाद प्रयोगशाळेत आली होती.

तिथल्या डॉ. उत्तरानं रेकॉर्डिंग लावलं. बाईचा खणखणीत आवाज आला, "औंदा ज्वारी लय झकास हाय. हुरड्याला या की!" मग लांबून, पुसटसा पुरुषी आवाज, "पाणी आण गं."

"पहिला आवाज आईचा?"

"व्हय. गेल्या आठवड्यात इथंच रेकॉर्ड केलं म्हणं. पण बाबांना जाऊन दोन वर्षं झाली!"

उत्तरा चमकली. अर्धांगवायूनं राजेश्रीच्या आईची, चतुराबाईंची वाचा गेली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख अनंतराव सर बंद खोलीत त्यांच्यावर नवे उपचार करत होते. बाई बोलू लागल्या, असं सरांनी कळवल्यामुळं नव्या केंद्राला मंजुरी द्यायला उद्या दिल्लीहून समिती येणार होती.

"घरी बोलतात का त्या?"

"एक शब्द न्हाई." राजेश्रीचे डोळे भरले. "तिथं बोलतीस आन् घरी का न्हाई, म्हणून लय टाकून बोलले मी तिला. काल तर तिच्या पुढचं जेवणाचं ताट उचललं."

सरांवर संशय घ्यायला उत्तराचं मन धजेना. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली तिनं पीएचडी केली होती. गावोगाव घरच्या गप्पा रेकॉर्ड करून साऱ्या कॅसेट त्यांच्या स्वाधीन केल्या होत्या. माणसाचं बोलणं ऐकावं कसं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

तिनं संशोधक विद्यार्थिनी वैष्णवीला बोलावलं.

"हे रेकॉर्डिंग तू जोडलंस?"

"नाही मॅडम. सरांनी दिलं, मी फक्त राजेश्रीताईंना पाठवलं."

"आवाज साफ केलास?"

"सर म्हणाले, हात लावू नकोस."

"ही पेशंट कुणी निवडली?"

"सरांनीच. गावाचं नि बाईंचं नाव सांगून शोधायला लावलं होतं."

उत्तरानं हेडफोन चढवले, आवाज वाढवला. ज्वारी... हुरडा... आणि दोन वाक्यांच्या मधल्या फटीत कुणीतरी हळूच म्हणालं, "हं."

तिनं ते पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून ती सरळ सरांच्या खोलीकडं निघाली. राजेश्री मागोमाग गेली.

"सर, हे कधी रेकॉर्ड केलं?"

"गेल्या मंगळवारी."

"खोलीत कोण होतं?"

"मी आणि चतुराबाई."

"मग यात माझा आवाज कसा?"

सरांचा चेहरा उतरला.

"ऐकणाऱ्या प्रत्येकाचा हुंकार वेगळा असतो, हे तुमच्याच देखरेखीखाली शोधलंय मी. हा 'हं' माझा आहे. मंगळवारी मी नांदेडला होते. म्हणजे हे पोखर्णीचं माझंच जुनं रेकॉर्डिंग. तेव्हा बाई धडधाकट होत्या, यजमानही होते. कॅसेट फक्त तुमच्याकडं. तुम्ही आधी जुन्या कॅसेटमधल्या बोलणाऱ्यांतून वाचा गेलेल्या बाई हेरल्या आणि मग त्यांना पेशंट केलं. माझे प्रश्न कापलेत. एवढा हुंकार आणि लांबचा आवाज तेवढे राहून गेले."

"उत्तरा, मोठं केंद्र होईल इथं. मी निवृत्त झालो की तुलाच मिळणार ते. तुझ्यासाठीच..."

"माझं नाव घेऊ नका, सर." तिचा आवाज चिरकला. "माझाच आवाज वापरलात तुम्ही. आणि एका मुक्या बाईला तिच्या लेकीच्या नजरेत खोटं पाडलंत."

राजेश्री पुढं आली. "म्हंजे आई सोंग करत नव्हती?"

"नाही गं. कधीच नाही."

राजेश्रीनं तोंडाला पदर लावला. सरांकडं तिनं पाहिलंही नाही. बसस्टँडच्या दिशेनं ती जवळजवळ पळतच सुटली.

सर काहीतरी बोलत होते. उत्तरानं त्यांच्यासमोरच समितीच्या प्रमुखांना फोन लावला. सारं तिनं न अडखळता सांगितलं.